ताई, आठही पट्ट्या वर गेल्या

ताई, परवा सकाळी आठही पट्ट्या एकदम वर गेल्या.

हात आपोआप फोनकडे गेला. तुमचं नाव अजून सगळ्यात वर आहे, 'शैलाताई किहीम', आणि त्याच्या खाली 'विनूकाका दिवेआगर'. तुमच्या नावावर बोट थांबलं, मग खाली सरकलं. काकांनी उचलला तोच "काय रे, पडली का साइट?" म्हणून. मी म्हटलं, "नाही काका. पडली नाही, तेच सांगायला केला." मागं त्यांच्या वाडीत कुणीतरी नारळ पाडत होतं, धप् धप् ऐकू येत होतं. मग म्हणाले, "तिला सांगायचं होतं ना तुला? बरं, मला सांग. मला काही कळणार नाही, पण सांग."

त्यांना सांगितलं. आता तुम्हाला सांगतो.

हे मंडळाच्या अंकात छापणार आहेत, म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही लिहाव्या लागतायत. किहीमपासून दिवेआगरपर्यंत जे जे लोक आपल्या घरात पाहुणे ठेवतात त्यांच्या मंडळाची एक वेबसाइट, ती तुम्ही उभी केलीत. खोल्यांचे फोटो, बोटींच्या वेळा, समुद्र खवळणार असला की सूचना, सगळं तिच्यावर. हा मजकूर आत जिथं भरतात आणि जिथून त्याची पानं तयार होऊन बाहेर जातात त्या व्यवस्थेला सीएमएस म्हणतात. तुम्ही 'स्वयंपाकघर' म्हणायचात. पाहुण्याला ताट दिसतं, चूल दिसत नाही. मी त्या स्वयंपाकघरात भाजी चिरणारा. फोटो चढवायचे, वेळा बदलायच्या, मालकांचे फोन घ्यायचे.

तेवढं तरी मला कुणी दिलं असतं? हिंगोलीकडचा मी. आठवीत शाळा सुटली, मामाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो आणि फिरत फिरत किहीमच्या एका बंगल्यावर राखणीला लागलो. तुम्ही तिथलं नेट बघायला आला होतात. मालकांना पाठवायला मी खोल्यांचे फोटो काढले होते, ते तुम्ही माझ्या फोनवर पाहिलेत. "खिडकीकडे पाठ करून फोटो काढायचा, हे कुणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, "कुणी नाही. उजेड डोळ्यात जात होता." तुम्ही हसलात आणि काम देऊ केलंत. मी घाबरून आधीच सांगून टाकलं की मी आठवीतनं सुटलोय. तुम्ही म्हणालात, "मग? ते काय फोटोला सांगायचंय?"

त्या एका वाक्यावर मी इथं इतकी वर्षं आहे. हे तुम्हाला कधी बोललो नाही. बोलायला गेलो की तुम्ही "चहा टाक" म्हणायचात.

पहिल्यांदा साइट पडली ती एका मोठ्या सुट्टीत. मुंबई-पुण्याची माणसं खोल्या शोधतायत, बोटीच्या वेळा बघतायत, आणि पान उघडतच नाही. त्यात आपल्या लोकांची सवय. साइट जरा अडखळली की एक मालक दुसऱ्याला फोन करणार, "तुझं उघडतंय का रे?" मग तोही उघडून बघणार. तो तिसऱ्याला विचारणार. पाहुण्यांच्या गर्दीत सगळ्या किनाऱ्यावरच्या मालकांची गर्दी. तुम्ही कपाळाला हात लावून म्हणाला होतात, "आजारी माणसाला भेटायला आख्खं गाव आलंय आणि सगळे एकदमच विचारतायत, कसं वाटतंय."

मंडळानं तेव्हा मोठा सर्व्हर घ्यायचं ठरवलं. आधी दोन कोअरचा होता, आता आठ. कोअर म्हणजे यंत्राचे काम करणारे हात, एवढं मला तुम्ही सांगितलं होतं. दोनाचे आठ हात झाले, आता धावेल, असं सगळ्यांनाच वाटलं. पुढच्या सुट्टीत साइट आणखी हळू झाली. सभेत मंडळाचे लोक काय बोलले ते तुम्ही ऐकलंत आणि मीही मागं उभा राहून ऐकलं. आणखी एकदा पडली तर सगळं मुंबईच्या कंपनीला देऊन टाकायचं. तुम्हाला दहा कामं मिळाली असती. माझं काय? मला परत ट्रकच होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला संगणकावरची ती काळी खिडकी दाखवलीत. आडव्या आठ पट्ट्या, एकेका कोअरची एकेक. जेवढं काम, तेवढी पट्टी भरते. साइट रडकुंडीला आली होती, मालकांचे फोन वाजत होते, आणि खिडकीत बघतो तर एकच पट्टी थोडी हलतेय आणि सात झोपलेल्या. मी म्हटलं, "बिघडलेत का हे सात?" तुम्ही म्हणालात, "छे. सातही तयार उभे आहेत. थांबलेत."

"कशासाठी?"

"चल, दाखवते."

मला वाटलं दुसरी खिडकी उघडाल. तुम्ही स्कूटरची चावी घेतलीत आणि मला कोळीवाड्यात, तुमच्या आईकडे घेऊन गेलात.

बंदरावर बोटी लागल्या होत्या. त्या दिवशी एका खरेदीदारानं नवा वजनकाटा आणून ठेवला होता. सगळी मासळी त्याच्यावरूनच जाणार म्हणे. बायका पाट्या घेऊन रांगेत, उन्हात. तुमची आई, मी मावशी म्हणतो त्या, मध्येच कुठंतरी, कमरेवर हात ठेवून. तुम्हाला बघून म्हणाल्या, "ये गं, बस. आज निवांत हाय. आनखी दोन बोटी येतायत. नंबर येईपरत वल्या मासलीची सुकी व्हईल, मग सुक्याचंच वजन करू." रांगेत हशा पिकला. काट्यावरचा माणूस मात्र मान वर करत नव्हता.

तुम्ही मला हळूच म्हणालात, "ही आपली साइट. आता समज, मी आणखी चार बाया आणून उभ्या केल्या. काम लवकर होईल?"

"नाही. रांग वाढंल."

"आणि भांडणं वाढतील. मंडळाने बाया आणल्या. काटा एकच ठेवला."

मग सांगितलंत की आपल्या साइटवर तो काटा कुठला. प्रत्येक पानाच्या माथ्यावर आपण आकडा दाखवतो, आजवर किती जणांनी साइट पाहिली त्याचा; त्या त्या पानाचा वेगळा आकडा पानाखाली असतो. कुणीही कुठलंही पान उघडलं की माथ्यावरचा तो एकच आकडा एकानं वाढवायचा. एका वेळी एकालाच तो आकडा धरता येतो. बाकीचे हात आपलं पान तयार ठेवून मागं उभे. जितके हात जास्त तितकी रांग मोठी, आणि मग रांग सांभाळण्यातच यंत्राचा जीव जातो. शिवाय आकडा ताजा दाखवायचा म्हणून प्रत्येक पान दर वेळी नव्यानं रांधायचं.

मी तिथंच वाळूत उभा राहिलो. एवढं मोठं यंत्र, कुठल्या शहरात ठेवलंय तेही मला माहीत नाही, क्षणात लाखो गोष्टी करणारं, ते एका आकड्यापाशी पाटी डोक्यावर घेऊन उभं आहे, हे मला डोळ्यांनी दिसलं. ताई, तुम्हाला सतत असंच दिसायचं का? मी भिंत बघायचो तिथं तुम्हाला आतली माणसं दिसायची.

तेवढ्यात मावशी रांगेतून बाहेर पडल्या. पाटी वाळूत टेकली, फडकं पसरलं आणि भराभर वाटे घालायला लागल्या. वजन नाही, काही नाही, हातानं उचलायचं आणि ढीग लावायचा. त्यांचं बघून दुसऱ्या बसल्या, मग तिसऱ्या. प्रत्येकीचं गिऱ्हाईक प्रत्येकीपुढं, कुणी कुणासाठी खोळंबत नव्हतं. किती विकलं ते दुपारी घरी गेल्यावर एकदाच सांगायचं. तुम्ही म्हणालात, "जगभर असंच करतात. प्रत्येक हाताने आपापलं मोजायचं, आणि काही मिनिटांनी एकदाच सगळ्यांची बेरीज काट्यावर घालायची. तोवर तयार पान तसंच वाढायचं."

मावशींनी वाटे घालता घालता मला सांगितलं, "ही बारकी असताना हिला बसवायची मी वाट्यांना. पन हिचं सगलं सारकं. वळखीची बाय आली, जरा मोटा घालावा. घासाघीस करनारी आली, जरा बारका. न्हाय. एक कोलंबी इकडची तिकडं व्हऊन द्यायची न्हाय. धंदा बुडवला असता हिनं माझा."

"म्हणून मला शाळेत घातलीस," तुम्ही म्हणालात.

"मंग काय. तिकडं तरी सारकं घाल म्हटलं."

काम समान वाटण्याची तुमची ती सवय पुढं मी रोज बघितली. आठ हातांपैकी एकावर जास्त भार पडला तरी तुम्हाला चैन पडायचं नाही. माझ्यावर जास्त पडला तरीही.

नंतर आपण तीन आठवडे भांडलो. आता ते भांडण इतकं हवंसं वाटतं. तुमचं म्हणणं, आकडाच काढून टाकू. कशाला हवा? मी म्हणायचो, राहू द्या. कारण विनूकाका. वादळात त्यांची वाडी झोपली, पोफळी काडीसारख्या पडल्या. घर उभं केलं, खोल्या रंगवल्या, आणि पाहुणा काही येईना. तेव्हा ते चहाबरोबर रोज आपलं पान उघडायचे आणि पानाखालचा आकडा बघायचे. एकानं वाढला की मला फोन. "अरे, कुणीतरी पाहिलं बरं का."

"त्यातले निम्मे तो स्वतःच आहे," तुम्ही म्हणायचात. "सारखा उघडून बघतो. खोटा आकडा आहे तो."

"आणि तुम्ही त्या चाचणीच्या सर्व्हरवर खोटी गर्दी आणता, ती चालते?" आपली नवी रचना टिकते का हे बघायला तुम्ही यंत्राकडूनच हजारो खोटे पाहुणे पाठवत होतात.

तुम्ही एवढ्या हसलात की खोकल्याची उबळ आली. त्या खोकल्याकडं तेव्हा तुम्हीही लक्ष दिलं नाहीत आणि मीही.

शेवटी अर्धं मान्य केलंत. आकडा ठेवायचा, वाट्यांच्या पद्धतीनं मोजायचा. पण मालकानं स्वतःचं पान पाहिलं तर ते धरायचं नाही. "आपल्याच ओसरीवर आपणच पाहुणा म्हणून बसायचं, याला काय अर्थ?" मी म्हटलं, "ताई, काका पाहुण्यासारखेच बघतात. कुणी आलंय का म्हणून." तुम्ही खिडकीतून बाहेर बघितलंत. म्हणालात, "ते नंतर ठरवू."

ते राहिलं.

मुंबईच्या दवाखान्यात मी आलो तेव्हा बोटीवर सगळा वेळ काय बोलायचं ते ठरवत होतो. तुम्ही मात्र नळ्यांमधून विचारलंत, "लावलंस का?" नवी रचना खऱ्या साइटवर चढवली का, असं. मी म्हटलं, "तुम्ही आल्यावर लावू." तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणालात, "मी आल्यावर दुसरं काहीतरी करू. हे तू लाव. सगळं तूच तर शेजारी बसून केलंयस."

शेजारी बसून. ताई, मी चहा टाकत होतो. पण परतीच्या बोटीवर एकेक पायरी मनात म्हणून बघितली, तर कुठंही अडलो नाही. कुठला भाग आधी, कुठला नंतर, जुनं कसं बाजूला ठेवायचं, बिनसलं तर मागं कसं यायचं. तुम्ही मला कधी शिकवायला बसला नव्हतात. प्रत्येक वेळी फक्त मोठ्यानं बोलत काम करायचात. मला वाटायचं ही तुमची खोड आहे.

तुम्ही गेल्यावर मंडळाची सभा झाली. कंपनीचं नाव परत निघालं. विनूकाका उठले, म्हणाले, "एक सुट्टी पोराला द्या." कुणीतरी विचारलं, "त्याचं शिक्षण काय?" काका म्हणाले, "ते शैलाला विचारायला हवं होतं. तिने ठेवलं होतं ना त्याला." ती सुट्टी मला मिळाली.

मग एका दुपारी, साइटवर फारसं कुणी नसताना, बसलो. मावशी आल्या होत्या. त्या अधूनमधून येतात तुमच्या खोलीवर, म्हणजे आपल्या कचेरीत, सोलायची कोलंबी घेऊन. म्हणतात घरी कोलंबी सोलवत नाही. दाराशी बसल्या. "काय करतोयस?" "ताईंचं लावतोय." "लाव," म्हणाल्या आणि सोलायला लागल्या.

आधी खोटी गर्दी आणून पुन्हा एकदा बघितलं. मग खरं लावलं. शेवटचा हुकूम टाइप करताना दोनदा चुकला. तिसऱ्यांदा गेला. साइट एक श्वासभर थांबली आणि परत सुरू झाली. फोन वाजला नाही. किनाऱ्यावर कुणाला काही कळलंच नाही. तुम्ही म्हणायचात ना, चांगलं काम झालं की बाहेर काहीच होत नाही. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो, मावशींनी पाणी दिलं.

आणि परवाची सकाळ. जोडून सुट्ट्या, मुंबईची सगळी माणसं एकदम निघालेली, बोटींच्या वेळा, खोल्या, समुद्राची सूचना, सगळं एकाच वेळी हवं. मी काळी खिडकी उघडून बसलो. आधी एक पट्टी हलली. मी म्हटलं, झालं, तीच गत. मग दुसरी. मग तिसरी, चौथी, आणि मग ताई, सगळ्या. आठही एकदम, सारख्या. एकही झोपलेली नाही, एकीवरही जास्त नाही. भरतीचं पाणी वाळूवर चढताना कुठून सुरू झालं ते सांगता येत नाही, तशा. कुठल्याशा गावात, कुठल्याशा थंड खोलीत एक यंत्र आठही हातांनी वाढतंय. हजारो अनोळखी माणसं एकाच क्षणी आपापलं पान बघतायत, कुणीही कुणासाठी थांबलेलं नाही. मी देवळात हात जोडतो ते सवयीनं. तिथं मात्र हात आपोआप जोडले गेले. पट्ट्यांना नव्हे. मावशींच्या लहान शैलाला, जिनं एक कोलंबी इकडची तिकडे होऊ दिली नाही.

साइट उभी राहिली. विनूकाकांनी संध्याकाळी तक्रार केली, "अरे, माझा आकडा हलत नाहीये." मी म्हटलं, "काका, आता वाट्यांनी मोजतोय. थोड्या वेळानं हलंल." थोड्या वेळानं परत फोन. "हलला. एकदम बराच हलला रे." ते लहान मुलासारखे हसले. मंडळानं कंपनीचं नाव परत काढलेलं नाही. मी आहे इथं, ताई.

एक गोष्ट मात्र तुम्हाला विचारायची आहे.

साइटवर तुमचं एक पान आहे. 'हे काम कोण पाहतं', तुमचा फोटो आणि चार ओळी. फोटो मी काढलेला, खिडकीकडं पाठ करून. मावशी हल्ली येतात, कोलंबीची पाटी ठेवतात आणि म्हणतात, "दाव रे तिला." मी पान उघडतो. त्या हात पदराला पुसतात आणि बघतात. काल त्यांचं बोट पानाखालच्या आकड्यावर गेलं.

"ह्यो कसला?"

"किती जणांनी पाहिलं, त्याचा."

"मी बगितलेला धरला का त्यात?"

आपल्याच कचेरीतल्या यंत्रावरून, आपल्याच घरच्या माणसानं पाहिलेलं. तुमच्या म्हणण्याप्रमाणं ते धरायचं नाही. ते धरायचं तर प्रोग्रॅममधल्या दोन ओळी बदलल्या की पुरे, कुठल्या ते मला माहीत आहे. बदलू का, ताई?

मी म्हटलं, "धरला, मावशी. लगेच नाही दिसणार. थोड्या वेळानं दिसंल."

"व्हय का," म्हणाल्या. मग पाटी पुढं ओढली आणि कोलंबी सोलत, आकड्याकडं बघत, वाट बघत बसल्या.